पाच किलोचा टोमॅटो आणि कोल्हापूरचे पाणी

१९८६ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात ३.५१ किलोचा एक टोमॅटो तोडला गेला आणि तो विक्रम पुढची २८ वर्षे कुणाला मोडता आला नाही. २०१४ मध्ये मिनेसोटात ३.८१ किलोचे फळ आले आणि त्यानंतर काही वर्षांतच आकडा ४.९ किलोच्या आसपास जाऊन पोहोचला. आपल्याकडे कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीत जो टोमॅटो मिळतो तो साधारण ८० ते १०० ग्रॅमचा, म्हणजे त्या एका फळाच्या वजनात आपले पन्नासेक टोमॅटो बसतील. असे काही वाचले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : खत कुठले घातले? कोल्हापुरात तो जरा जास्तच लवकर येतो, कारण इथल्या शेतकऱ्याचा हात उसावर बसलेला आहे. पाणी सोडले, युरिया टाकला की ऊस वाढतो, हा पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. टोमॅटोला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. फळ किती मोठे होऊ शकेल हे फूल उमलायच्या आधीच बरेचसे ठरलेले असते. पुढे ते तेवढे होते का, हे फळ धरल्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत झाडाला किती झटके बसले यावर अवलंबून असते. मधल्या काळात सढळ हाताने ओतलेल्या खतापाण्याचा वाटा आपण समजतो त्याहून बराच लहान आहे, आणि कधी कधी तो उलटाच पडतो.

आधी फुलाकडे पाहू. टोमॅटो आडवा कापला की आत बियांचे कप्पे दिसतात. दक्षिण अमेरिकेतल्या रानटी टोमॅटोला असे दोनच कप्पे असतात आणि फळ जेमतेम एक-दोन ग्रॅमचे, वाटाण्यापेक्षा थोडे मोठे. बाजारातल्या संकरित वाणांना दोन ते चार कप्पे असतात. ‘बिग झॅक’सारख्या राक्षसी वाणाचे फळ कापले तर दहा-पंधरा कप्प्यांची वेडीवाकडी नक्षी दिसते. हे कप्पे फळ वाढताना नव्याने तयार होत नाहीत. कळी अजून टाचणीच्या डोक्याएवढीही नसते तेव्हा झाडाच्या शेंड्यावरच्या पेशींत त्यांची संख्या ठरून जाते. शेंडा किती रुंद होऊ द्यायचा यावर झाडात एक जनुकीय लगाम असतो. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हा लगाम कसा चालतो ते उलगडून दाखवले. माणसाने हजारो वर्षे मोठी फळे निवडत निवडत नकळत हा लगाम सैल केला, हे त्यातून स्पष्ट झाले. लगाम फारच सुटला की तीन-चार फुले एकमेकांत मिसळून एकच जाडजूड फूल येते. त्याला पाचाऐवजी पंधरा-वीस पाकळ्या असतात आणि मधली पिवळी नळी गोल नसून चपटी, पट्टीसारखी दिसते. हौशी बागायतदार त्याला ‘मेगाब्लूम’ म्हणतात. विक्रमी फळांमागे जवळजवळ नेहमी असे एखादे फूल असते. आपल्याकडचा शेतकरी ते ‘बिघडलेले’ म्हणून खुडून टाकतो, आणि बाजारासाठी पीक घेताना त्याचे बरोबरच असते.

लगाम जनुकांचा असला तरी हवामानाचाही त्यावर हात असतो, आणि गंमत इथे आहे. कळ्या घडण्याच्या काळात रात्री गार असल्या, पारा १० ते १२ अंशांच्या आसपास राहिला, तर कप्प्यांची संख्या वाढते. म्हणजे ज्याला आपण थंडीचा ताण म्हणतो तोच मोठ्या फळाचा पाया घालतो. मिशिगनमध्ये १९५० च्या दशकात रोपांना लहानपणी थंडीत ठेवून पहिल्या घोसातली फुले वाढवण्याचे प्रयोग झाले होते. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पहिल्या घोसाची घडण रोपवाटिकेच्या ट्रेमध्येच सुरू होते. आपण २५-३० दिवसांचे रोप आणून लावतो तेव्हा त्याच्या पहिल्या फळांचे नशीब अर्धे लिहून झालेले असते. अर्थात थंडीची ही देणगी फुकट मिळत नाही. कप्पे जास्त झाले तरी ते नीट जुळले नाहीत तर देठाच्या विरुद्ध टोकाला तपकिरी, बुचासारखी खरखरीत व्रणाची रेघ उमटते आणि फळ सुरकुतलेल्या तोंडासारखे दिसते. त्याला ‘कॅटफेस’ म्हणतात. वजनाच्या स्पर्धेत ते चालते, पण मंडईतला व्यापारी ते फळ उचलून बाजूला टाकतो.

फलधारणा झाल्यावरचे पहिले दोन आठवडे पेशी वाढण्याचे नसतात, पेशींची संख्या वाढण्याचे असतात. त्यानंतरचे चार-पाच आठवडे त्याच पेशी पाणी आणि साखर भरून घेऊन फुगत जातात. ‘फुगवण’ हा आपल्याकडचा शब्द या दुसऱ्या टप्प्याला अगदी चपखल बसतो, आणि कृषी सेवा केंद्रातला अर्धा धंदा याच शब्दावर चालतो : फुगवणीचा डोस, फुगवणीचे टॉनिक, फुगवणीसाठी ०:०:५०. पालाश फळाला लागतोच, त्याबद्दल वाद नाही. पण पहिल्या पंधरवड्यात झाड उन्हाने होरपळले असेल, मुळांना हवा मिळाली नसेल किंवा एका झाडावर साठ फळे लटकत असतील, तर प्रत्येक फळात पेशीच कमी पडलेल्या असतात. दीड महिन्याने दिलेला डोस त्या पेशींना थोडा ताणू शकतो, पण नव्या पेशी जन्माला घालू शकत नाही. म्हणून विक्रमाच्या मागे लागलेले लोक टॉनिकपेक्षा कात्रीवर जास्त भरवसा ठेवतात. झाडावर एक-दोनच फळे ठेवायची, बगलफूट काढत राहायचे आणि पानांचा संसार मात्र भरपूर ठेवायचा. पाने कमावतात, फळ खाते. खाणारी तोंडे कमी झाली की उरलेल्याला जास्त मिळते, एवढाच तो हिशेब. शेतकऱ्याला हे परवडणारे नाही, हे उघड आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ घ्या, किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘धनश्री’ आणि ‘भाग्यश्री’ घ्या. आपल्याकडच्या पैदासकारांनी एका फळाच्या वजनाऐवजी झाडाच्या एकूण वजनाचा, रोगाशी झुंजण्याचा आणि टिकाऊपणाचा विचार केला. ते शहाणपणाचेच होते.

आता पाण्याकडे वळू, कारण कोल्हापूरचा खरा प्रश्न तिथेच आहे. टोमॅटोत ९४ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, तेव्हा पाणी वाढवले की फळ वाढेल हे वरवर पटते. पण फळ वाढते तसे त्याचे गणित बदलते. १०० ग्रॅमचे फळ १ किलोचे झाले तर आतला गर दहा पट होतो, साल मात्र जेमतेम साडेचार पट. आतला दाब तेवढाच धरला तरी गोलाची त्रिज्या दुप्पट झाली की तेवढ्याच जाडीच्या सालीवरचा ताण दुप्पट होतो. म्हणजे जो झटका लहान टोमॅटो सहज पचवतो, तोच मोठ्याला उकलतो. त्यातच पिकायला लागलेल्या फळाची साल ताठर होऊ लागते, ती ताणली जात नाही. अशा वेळी आठ दिवस कोरडे गेलेल्या रानात पाटाने पाणी सोडले की मुळे ते आधाशासारखे शोषतात, गर एका रात्रीत फुगतो आणि देठापासून उभ्या भेगा पडतात किंवा देठाभोवती गोल चिरा उमटतात. भेग हिरवेपणी पडली तर भरून येते आणि तिच्यावर टणक खपली धरते. पिकताना पडली तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर बुरशी बसलेली असते.

हे सगळे एप्रिल-मेमध्ये कोल्हापूरच्या आभाळात आपोआप घडते. सकाळपासून ३७-३८ अंशांची काहिली, दुपारी चार वाजता ढग, आणि तासाभरात वळीव येऊन सऱ्या भरून जातात. माणसाला हा पाऊस हवाहवासा वाटतो. पिकत आलेल्या टोमॅटोला मात्र तो सर्वांत वाईट वेळी, सर्वांत वाईट पद्धतीने दिलेले पाणी असतो. इथे एक आक्षेप रास्त आहे : ठिबक आणि मल्चिंग असलेल्या रानात हा त्रास होतो का? बराच कमी होतो. गादीवाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद असला तर वरचे पाणी एकदम मुळांपर्यंत जात नाही, आणि ठिबकने रोज थोडे थोडे मिळत असल्याने झाड तहानलेले नसते. आपल्या जुन्या शेतीत यासाठी वाफसा ही कल्पना आहेच. माती ओली आहे पण चिखल नाही, मूठ वळते पण पाणी सुटत नाही, मुळाला पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी ती स्थिती. ठिबकाचे काम रान सतत वाफशावर ठेवणे एवढेच आहे. पण पुष्कळ ठिकाणी ठिबकही उसाच्याच सवयीने चालवला जातो. वीज रात्री येते, मग एकदाच चार तास सोडायचे आणि पुढचे तीन दिवस बघायचे नाही. नळ्या बदलल्या तरी झटका तोच राहतो.

चुन्याची गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. मोठ्या फळाच्या टोकाला काळा, चामड्यासारखा बसका डाग पडतो. शेतकरी त्याला कधी कीड समजतो, कधी करपा. हा रोग नाही, तर कॅल्शियम वेळेवर न पोहोचल्याने पेशी कोसळल्याची खूण आहे. ‘म्हणजे जमिनीत चुना कमी’ हा निष्कर्ष मात्र कोल्हापूरच्या काळ्या जमिनीत सहसा चुकतो, कारण पूर्व भागातल्या या जमिनींत कॅल्शियम मुबलक असते. अडचण वाहतुकीची असते. साखर पानांकडून ज्या नळ्यांनी फळात येते त्यांतून कॅल्शियम जवळजवळ येत नाही. ते फक्त मुळांकडून वर चढणाऱ्या पाण्याबरोबर येते. त्या पाण्याचा मोठा वाटा पाने ओढून नेतात, कारण बाष्प त्यांच्यातून उडते. फळाला उरलेसुरले मिळते आणि फळाच्या सर्वांत दूरच्या टोकाला त्यातले सर्वांत शेवटचे. फळ जेवढे मोठे आणि जेवढे झपाट्याने वाढणारे, तेवढी ही उपासमार जास्त. त्यात युरिया किंवा अमोनियम सल्फेट भरभरून दिले तर दोन बाजूंनी नुकसान होते : पाने माजतात आणि पाणी आपल्याकडे ओढतात, शिवाय अमोनियम मुळाशी कॅल्शियमच्या आड येते. फवारणीचे कॅल्शियम सालीवरून आत फारसे जात नाही. तेव्हा इथेही उपाय बाटलीपेक्षा पाण्याच्या सातत्यात जास्त आहे, आणि हे सांगणाऱ्याला दुकानातून कमिशन मिळत नाही हेही खरे.

उष्णतेचे म्हणणे वेगळे. दिवसा ३५ अंशांच्या पुढे आणि रात्री २१-२२ च्या वर तापमान राहू लागले की परागकण निकामी होऊ लागतात. रात्र उबदार असली तर दिवसा कमावलेली साखर झाड श्वसनातच जाळून टाकते. ३० अंशांच्या वर लाल रंगद्रव्य तयार होणे मंदावते, म्हणून उन्हाळी टोमॅटोचे खांदे पिवळे राहतात. पराग कमी पडण्याचा फटका मोठ्या फळाला अधिक बसतो, कारण त्याच्या प्रत्येक कप्प्यात बी धरले तरच तो कप्पा भरतो. अर्ध्या कप्प्यांत बी धरले नाही तर फळ एका अंगाला चपटे राहते. टोमॅटोच्या फुलातले पराग एका बंद नळीत असतात आणि ती नळी हादरल्याशिवाय ते बाहेर सांडत नाहीत. साधी मधमाशी हे काम करत नाही, भुंगा करतो : फुलाला मिठी मारून गुणगुणतो आणि त्या थरथरीने पराग झरतात. वारा किंवा तारेला दिलेला हलकासा झटकाही चालतो.

मग सगळे हरितगृहात घेतले तर? हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण शिरोळ तालुक्यात कोंडिग्रेच्या खडकाळ माळावर हरितगृहांतून गुलाब फुलवून तो बाहेरदेशी पाठवून दाखवलेला आहे. हरितगृहाने वळीव अडतो, गारा अडतात, पाणी मोजून देता येते. पण आत वारा नाही आणि भुंगाही नाही. एप्रिलमध्ये आतला पारा बाहेरच्यापेक्षा वर चढतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की पानांतून बाष्प उडणेच मंदावते. पाणी वर ओढले जात नाही, त्यामुळे कॅल्शियमही चढत नाही. हॉलंडमध्ये काचघराला ऊब पुरवावी लागते, इथे बहुतेक काळ गारवा पुरवावा लागेल, आणि तो अधिक महाग असतो. छप्पर घातले म्हणून ताण संपत नाही, त्याची जात बदलते.

कोल्हापूर जिल्ह्यात एकच हवामान आहे असे समजणेही चुकीचे. गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, शिरोळमध्ये जेमतेम पाच-सहाशे. आणि तरीही पूर येतो तो शिरोळात, कारण घाटावर पडलेले पाणी तिकडेच उतरते. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली; तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झाले. पुरात बुडालेल्या टोमॅटोबद्दल बोलण्यासारखे काही उरत नाही. पण पाणी नुसते मुळाशी दोन दिवस साचले तर काय होते, ते टोमॅटोवरच झालेल्या संशोधनातून नीट कळले आहे. गुदमरलेले मूळ एक रसायन वर पाठवते, पानांत हवेशी संयोग होऊन त्याचे इथिलीन बनते, आणि देठाची वरची बाजू खालच्यापेक्षा जास्त वाढून पाने खाली वळतात. झाड पाण्यात उभे असते आणि तहानलेल्यासारखे दिसते. त्याला पाहून कुणी आणखी पाणी सोडले की खेळ खलास. यावर तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने सुचवलेला मार्ग कोल्हापूरकरांना जवळचा वाटावा : टोमॅटोचे कलम वांग्याच्या मुळावर बांधायचे, कारण वांग्याचे मूळ पाण्यात जास्त दिवस तग धरते. ज्या कृष्णाकाठच्या वांग्यांची आपण भाकरीबरोबर तारीफ करतो, त्यांच्या भाऊबंदांचे मूळ असे दुसऱ्याच्या कामी येऊ शकते.

या सगळ्याचा साध्या शेतकऱ्याला उपयोग काय, असे कुणी विचारेल. व्यापाऱ्याला क्रेटमध्ये रचता येणारे, टणक, एकसारखे फळ हवे. पाच किलोचा टोमॅटो पुण्याला पोहोचेपर्यंत त्याची चटणी होईल. ते मान्य. पण मोठे फळ त्याच झाडाच्या खोड्या ठळक करून दाखवते. १०० ग्रॅमच्या टोमॅटोत जी अनियमितता किरकोळ रेघ म्हणून निघून जाते, ती अर्धा किलोच्या फळात भेग होऊन समोर येते. हेही खरे की प्रत्येक वाईट फळाचे खापर ताणावर फोडता येत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात नगर, नाशिक, सातारा भागांत टोमॅटोवर तीन रंगांचे पट्टे उमटले आणि त्याला ‘तिरंगा व्हायरस’ असे नाव पडले. तेव्हा कुणी बियाण्याला दोष दिला, कुणी हवामानाला. बंगळूरच्या तपासणीत कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला. झाडाकडे पाहून निदान करण्याची ही मर्यादा आहे, आणि शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत जायला हवा.

ज्याला हौसेने अर्धा-पाऊण किलोचे फळ काढायचेच आहे, त्याच्यासाठी कोल्हापूरच्या वर्षात एकच खिडकी मोकळी आहे. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये रोपे करायची, म्हणजे वरच्या घोसांच्या कळ्या डिसेंबरच्या गार रात्रींत घडतात, फुगवण जानेवारी-फेब्रुवारीच्या स्वच्छ उन्हात होते आणि वळवाच्या आधी फळ हाती येते. बियाणे मात्र मोठ्या फळाच्या वाणाचेच लागेल. दोन-तीन कप्प्यांच्या बाजारी संकरिताला कितीही जपले तरी तो आपल्या जातीवरच जाणार.

आणि शेवटचा आक्षेप चवीचा. मोठा टोमॅटो पाणचट लागतो, ताणात वाढलेला गोड लागतो, ही तक्रार बरीचशी खरी आहे. पाणी थोडे तोडले की फळ लहान राहते आणि साखर दाट होते. २०२४ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दोन जनुके बंद करून फळाचा आकार कमी न करता गोडी वाढवल्याचे प्रसिद्ध केले आहे, पण ते बियाणे शिरोळच्या दुकानात यायला वेळ आहे. तोवर आकार आणि गोडी यांतले एक निवडावे लागते. जपानमध्ये कुमामोतोजवळ यात्सुशिरो इथे समुद्र हटवून मिळवलेल्या खाऱ्या जमिनीत लहानखुरे, अतिशय गोड ‘मिठाचे टोमॅटो’ पिकवतात आणि ते चढ्या भावाने विकले जातात. खारेपणा आपल्याकडेही आहे. अतिपाण्याने शिरोळची कितीतरी जमीन क्षारपड आणि चिबड झाली आहे, आणि श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून ती सुधारण्याचे काम तिथे चालू आहे. मातीतल्या क्षारांचे माप २.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेले की दर एका अंकामागे टोमॅटोचे उत्पन्न सुमारे दहा टक्क्यांनी घटते. यात्सुशिरोतला शेतकरी ती घट भावातून भरून काढतो. पण त्याच्या रानातून पाण्याचा निचरा होतो. चिबड रानात गोड टोमॅटोसुद्धा येत नाही, म्हणून तिथे आधी पाइपच घालावे लागतील.